सोसायटीचा पंप 3 एचपीचा 5 एचपी केला तर बिल वाढेल का?

पाचवा_मजला: खालच्या टाकीतून गच्चीवरची 10,000 लिटरची टाकी भरायला आमच्याकडे 3 एचपीचा पंप आहे. पाणी 20 मीटर चढतं, 40 मिनिटं लागतात, मीटर 1.7 युनिटने पुढे सरकतो. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, मोठा पंप लवकर भरेल, वीज वाचेल. दुसरा म्हणतो, मोठी मोटर जास्तच खाणार. रविवारी मीटिंग आहे, हिशेब कसा मांडू?

फिजिक्सवाली_ताई: बिल युनिटचं येतं, एचपीचं नाही. 10,000 किलो पाणी 20 मीटर चढवायचं: 10,000 × 9.8 × 20 = 19.6 लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे जेमतेम 0.54 युनिट. पंप कुठलाही लावा, पाण्याला एवढी ऊर्जा द्यावीच लागते. एचपी फक्त ती किती झपाट्याने दिली जाते ते सांगतो (1 एचपी = 746 वॉट). लवकर भरलं म्हणून वीज वाचत नाही आणि मोटर मोठी म्हणून बिल वाढतंच असंही नाही.

पाचवा_मजला: मग वरचे 1.16 युनिट जातात कुठे?

वाइंडिंगवाला: ताईंचा हिशेब चोख आहे. उरलेल्याची शेवटी उष्णताच होते. थोडी मोटरच्या वाइंडिंगमध्ये, पण माझ्या अनुभवात जुन्या पंपात खरी गळती इंपेलरपाशी, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकापाशी असते. पंप खोलला की इंपेलर आणि केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) यांच्यामधली रिंग झिजलेली सापडते. दाब दिलेलं पाणी त्या फटीतून परत सक्शनकडे, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या बाजूला येतं आणि तेच पाणी पंप पुन्हा ढकलत बसतो. बाहेरून काही कळत नाही, आवाजही नेहमीचाच. डिलिव्हरी पाइप केवढा आहे?

पाचवा_मजला: दीड इंची, वर जाईपर्यंत सहा एल्बो.

वाइंडिंगवाला: मग दादा, 5 एचपी अजिबात बसवू नका. आत्ताच त्या पाइपात पाणी सेकंदाला तीन मीटरच्या वर पळतंय. वेग दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब जवळपास चौपट होतो. मोठा पंप तिथे युनिट जाळेल. दोन इंची पाइप टाकला तर एवढ्याच पाण्याला वेग दोनच्या आसपास येईल. आधी रिंग बदला, पाइप बदला, मग टाकी भरून मीटर वाचा.

फिजिक्सवाली_ताई: आणि फ्लोट स्विच नसेल तर तोही लावा. टाकी ओसंडून वाहते तेव्हा त्या पाण्याला दिलेली 20 मीटरची ऊर्जाही गच्चीच्या पन्हाळीतून खाली जाते.