मदत हवी आहे : कादंबरीतील तुरुंग आणि सत्तेचा गैरवापर

नमस्कार. मी नागपूरचा असून १९७६ साली ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याची मुभा देणाऱ्या कायद्याखाली, स्थानबद्ध झालेल्या एका काल्पनिक शिक्षकावर कादंबरी लिहीत आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आणीबाणीत स्थानबद्धांना बंदी-प्रत्यक्षीकरणाचा (स्थानबद्धता कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासावे असा) अर्ज करता येणार नाही असा निर्णय दिला, न्या. हंसराज खन्ना यांचे मत एकटे पडले. ही बातमी बराकीत पोहोचते, तो प्रसंग माझ्या कथेचा कणा आहे, कारण त्यानंतर दाद मागायला दार उरत नाही आणि हे पहारेकऱ्यांनाही ठाऊक असते.

माझी अडचण मारहाणीच्या प्रसंगांची आहे. सविस्तर लिहिले की त्याचा तमाशा होतो, आणि आवरते घेतले की अत्याचार सौम्य वाटतो; त्या माणसाची अप्रतिष्ठा माझ्याच हातून होऊ नये, याची मला मनापासून काळजी आहे. शिवाय जेलर सरळ खलपुरुष झाला, तर आदेश, शिक्का आणि नोंदवही यांतून चालणारी सत्ता झाकली जाते. असे प्रसंग कैद्याच्या नजरेतून लिहावेत, की कार्यालयातल्या कारकुनाच्या?

ज्यांच्या घरातील कोणी त्या काळात स्थानबद्ध होते, त्यांनी मुलाखतीला किती वेळ मिळे, पत्रांतील मजकूर कसा खोडलेला असे आणि घरचा डबा आत जात असे का, हे कृपया सांगावे. वर्धा मार्गावरील कारागृहाच्या आठवणी असल्यास फारच मोलाच्या ठरतील.