झिंकची बेरीज एकदा करून बघा
रोज झिंकची गोळी घेतली की इम्युनिटी वाढते असं बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं आहे. शरीरात झिंक कमी असेल तर फायदा होतो, मान्य, पण महिनोन् महिने जास्त झिंक पोटात गेलं की आतड्यातून तांबं शोषलं जाणं कमी होतं आणि तांबं कमी पडलं की पांढऱ्या पेशीच घटतात, म्हणजे ज्यासाठी गोळी सुरू केली तेच बिघडतं! मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. माझ्या बहिणीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक, वेगळी गोळी होतीच, वर सर्दीच्या चघळायच्या गोळ्यांतही तेच, तिन्ही लेबलं शेजारी ठेवून बघितली तेव्हा कळलं. आणि लेबलवर झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण ५० असतं, म्हणजे ती एक गोळीसुद्धा रोज आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.