क्रिओ हे कॅड (संगणकावर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) सोडताना जुन्या फायलींचं काय करायचं? सगळ्या नव्या कॅडमध्ये न्यायच्या की लागतील तेवढ्याच?

रबाळे_टूलरूम
शेठनी क्रिओ सोडून सॉलिडवर्क्स हे दुसरं कॅड घ्यायचं ठरवलंय. ते मला पटलं, कारण आमचे वेंडर आणि नव्याने येणारी मुलं त्यावरच काम करतात. पण सोबत हुकूम निघालाय की आजवरच्या झाडून सगळ्या फायली कन्व्हर्ट करा. याला माझा विरोध आहे आणि तो मी मीटिंगमध्येही मांडणार आहे.

कन्व्हर्ट करायचं म्हणजे स्टेप, कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी सामाईक फाइल, काढायची. स्टेपमधून आकार जातो, तो आकार कसा घडवला ते जात नाही. स्केच, मापं, एका फीचरचा (भोक, रिब असा मॉडेलचा एकेक घटक) दुसऱ्याशी असलेला संबंध, सगळं मागे राहतं आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'इम्पोर्टेड' नावाचा एकसंध ठोकळा दिसतो. रिबची जाडी ३ ची ४ करायची म्हटली की झटापट सुरू.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. एम ८ च्या (८ मिमी स्क्रूच्या) टॅपिंगसाठी, म्हणजे आटे पाडण्यासाठी, मॉडेलमध्ये ६.८ मिमीचं भोक असतं, आटे फक्त दाखवण्यापुरते. साध्या स्टेपमधून गेलं की उरतं ६.८ चं गुळगुळीत भोक. १२ एच७ चं (एच७ म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची खूण) भोक नुसतं १२ होतं, +०.०१८ ची मर्यादा गायब. ड्रॉइंग सोबत नसेल तर व्हीएमसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचा) माणूस ६.८ चं ड्रिल मारून जॉब उतरवेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

माझं म्हणणं असं: ज्या पार्टमध्ये अजून बदल येतात ते नव्याने मॉडेल करा. बाकीच्यांची स्टेप आणि पीडीएफ काढून नीट जपून ठेवा.

वागळे_इस्टेट
साफ असहमत. कुठला पार्ट 'चालू' आणि कुठला 'बंद' हे कोण ठरवणार? आमच्याकडे जुन्या मशीनचं स्पेअर मागायला गिऱ्हाईक दहा वर्षांनीही येतं आणि म्हणतं, तोच पार्ट द्या, पण फ्लँजचं पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) बदलून. तेव्हा तुमच्याकडे क्रिओचं लायसन्स नसेल, तो पार्ट बनवणारा डिझायनर नसेल, हातात फक्त ठोकळा. आज लायसन्स चालू आहे आणि माणसंही आहेत. करायचं तर आत्ताच करा.

एअरबस ए३८० चं उदाहरण घ्या. हॅम्बर्गला कॅटिया या कॅडची व्ही४ आवृत्ती, तुलूजला व्ही५. वायरिंगचे हार्नेस (वायरींचे बांधलेले जुडगे) विमानात बसेनात आणि २००६ मध्ये डिलिव्हरीचं वेळापत्रक कोलमडलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलं की हेच होतं.

रबाळे_टूलरूम
दादा, ए३८० तर माझ्या बाजूचं उदाहरण आहे. तिथे एकाच विमानावर, एकाच वेळी, दोन ठिकाणी वेगळ्या आवृत्त्यांवर काम चालू होतं. म्हणूनच मी म्हणतो, चालू काम आधी आणि पूर्णपणे एका जागी आणा. बंद पडलेल्या पार्टवर माणसं गुंतवलीत तर चालू काम महिनोन्महिने दोन्हीकडे लोंबकळत राहील.

आणि स्टेप म्हणजे काही मेलेली फाइल नाही. आयएसओ १०३०३ हे मानक १९९४ पासून आहे. फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते, कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. पीसीडी बदलायचं तर ठोकळ्यावरची भोकं बुजवून नवी पाडता येतात.

ऐरोली_शीटमेटल
तुम्ही दोघंही मशिनिंगचंच बोलताय. शीटमेटलमध्ये आकार बरोबर येऊनही जॉब चुकतो. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २, बेंड ९० अंशाचा. जुन्या सेटिंगमध्ये के-फॅक्टर (वाकवताना पत्रा किती ताणतो ते धरायचा आकडा) ०.४४ आणि नव्यात ०.५ राहिला, तर डेव्हलपमेंटमध्ये (घडी उलगडलेल्या सपाट पत्र्याच्या लांबीत) दर बेंडला सुमारे ०.१९ मिमीचा फरक पडतो. चार बेंडच्या पट्टीत पाऊण मिमी. स्क्रीनवर घडी केलेला पार्ट तंतोतंत जुळतो, म्हणून चेकरच्याही लक्षात येत नाही. लेझरवरून पत्रा कापून येतो आणि असेंब्लीत भोकाला भोक जुळत नाही. आमच्याकडे पहिला नियम हाच: आधी बेंड टेबल (हे आकडे ठेवलेला तक्ता) न्या, मग मॉडेल.

नवा_डिझायनर
एक शंका. दोन्ही सॉफ्टवेअरचं कर्नल (आतून भूमिती घडवणारा गाभा) एकच असेल तर हा त्रास होतो का? सॉलिड एज आणि सॉलिडवर्क्स दोन्ही पॅरासॉलिडवर चालतात ना?

ऐरोली_शीटमेटल
हो. अशा वेळी पॅरासॉलिड फाइलमधून भूमिती अगदी स्वच्छ येते. फाटलेले पृष्ठभाग, फिलेटजवळच्या फटी हे प्रकार जवळजवळ होत नाहीत. पण फीचर ट्री (आकार कोणत्या फीचरमधून कसा घडवला त्याची यादी) त्याही फाइलमध्ये नसतो. आणि क्रिओचं कर्नल वेगळं आहे, त्यामुळे रबाळेवाल्यांना ही सोय नाही.

वागळे_इस्टेट
'नव्याने मॉडेल करा' म्हणणं सोपं आहे. ड्रॉइंग बघून माणूस मापं पुन्हा टाइप करणार, ३६ चं ६३ होणार, ते कोण पकडणार? विमान उद्योगात दीर्घकाळ जपायच्या मॉडेलसाठी घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य फाइलसोबतच नोंदवतात आणि रूपांतरानंतर पुन्हा ताडून पाहतात. टॉलरन्सचं (मापात चालणाऱ्या फरकाचं) म्हणाल तर स्टेपचा एपी २४२ हा नवा प्रकार २०१४ मध्ये आला. मॉडेलवरच टॉलरन्स दिलेले असतील तर ते त्यातून जातात. तुम्ही ज्या त्रुटी सांगताय त्या जुन्या पद्धतीने काढलेल्या स्टेपच्या आहेत.

रबाळे_टूलरूम
तीन आकडे ताडून पाहायची पद्धत उत्तम आहे. नव्याने केलेल्या प्रत्येक मॉडेललाही ती लावतो, तुमचं ३६-६३ तिथेच पकडलं जाईल. एपी २४२ मात्र आमच्या कामाचं नाही. आमचे टॉलरन्स मॉडेलवर कधी दिलेच नाहीत, सगळे टूडी ड्रॉइंगवर आहेत. नसलेली गोष्ट कुठलंच रूपांतर नेणार नाही.

आणि क्रिओ वापरणाऱ्यांना माहीत आहे, दर सेव्हला नवा क्रमांक लावलेली फाइल तयार होते. एका फोल्डरमध्ये एकाच पार्टच्या चाळीस फायली. वेंडरकडे त्यातली कुठली गेली होती हे ड्रॉइंगच्या रिव्हिजनशी ताडल्याशिवाय कळत नाही. सरसकट कन्व्हर्ट करणं म्हणजे हा गोंधळ आहे तसा नव्या घरात नेणं. मी शेठना हेच सांगणार: डिस्पॅच रजिस्टरवरून चालू पार्टची यादी काढा, तेवढे नव्याने करा, आणि क्रिओची एक सीट (एका माणसापुरतं लायसन्स) चालू ठेवा.

वागळे_इस्टेट
यादीवरून आपलं पटणार नाही, पण सीटचं ठरवताय तर आधी बघा की लायसन्स कायमचं आहे की वर्षाचं. वर्षाचं असेल तर मुदत संपल्यावर फाइल उघडायचे वांधे, तेव्हा दर वर्षीचा तो खर्च आत्ताच शेठना सांगा. कायमचं असलं तरी ते बहुधा एकाच मशीनच्या नेटवर्क कार्डला बांधलेलं असतं. ते मशीन कुणी भंगारात काढणार नाही एवढं बघा.