लढाईच्या दिवसांत आपल्याच माणसाला जाब विचारलेला आठवतो का?

महालकरीण
काल नागपुरातली मारबतीची मिरवणूक बघायला गेले होते. एका बडग्याच्या, म्हणजे वाईट गोष्टींवर टीका करणाऱ्या पुतळ्याच्या गळ्यात रॉकेलचा गंजलेला डबा अडकवलेला. खालचा मजकूर वाचेपर्यंत बडग्या पुढे गेला, पण मला डिसेंबर 1971 आठवला. मी नऊ वर्षांची होते. खिडक्यांना काळे कागद, बाबा रेडिओला चिकटलेले. रॉकेलच्या रांगेत माझा नंबर आला की दुकानदार म्हणायचा, संपलं. आणि रात्री त्याच दुकानाच्या मागच्या दारातून डबे जायचे, दुप्पट भावाने. तो बाबांच्याच पक्षाचा, वॉर्डातला मोठा कार्यकर्ता, रोज आमच्याकडे चहाला. बाबांनी पुरवठा खात्याकडे लेखी तक्रार केली, खाली स्वतःचं नाव-पत्ता. मग पक्षाची चार माणसं घरी आली. लढाई चालू असताना बदनामी कशाला, म्हणाले. बाबांनी रेशनकार्ड पुढे ठेवलं, “यावरचं माझं रॉकेल कुठे गेलं तेवढं सांगा.” पुढच्या दिवाळीला त्यांच्यापैकी कुणीही फिरकलं नाही. आईला ते फार लागलं. बाबांनी मत मात्र शेवटपर्यंत त्याच पक्षाला दिलं.
तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर लिहा.

सांबारवडी
ताई, डोळ्यात पाणी आलं. आमचं तेलाचं. फेब्रुवारी 2022, युक्रेनची लढाई सुरू झाली अन् आठ दिवसांत इतवारीतल्या दुकानात सूर्यफुलाच्या पाकिटावर नवं स्टिकर. खालचं जुनं दिसूनच राह्यलं होतं, पॅकिंग डिसेंबरचं. विचारलं तर म्हणे, लढाई सुरू हाय ना जी. सासऱ्यांच्या नात्यातला माणूस. मी पैसे दिले अन् घरी आलो. तेव्हा बोललो नाही, ते अजून खुपतं.

डिफेन्सची पोरगी
बाबा अंबाझरीच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते. 1999 ला कारगिल चालू होतं, तोफगोळ्यांच्या कामाला ओव्हरटाइम. त्या पैशात मला सायकल आली. बाबा ती कधी पुसायचेसुद्धा नाहीत. एकदा म्हणाले, मी घाम गाळला त्याचे हे पैसे आहेत, तरी तिकडे पोरं मरून राहिली आहेत. ज्यांनी घाम न गाळता कमावलं त्यांना झोप कशी येत असेल?

धंतोलीचा जावई
आमच्या घरी आजोबा एका पक्षाचे, काका दुसऱ्या. 1987 ला स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांची लाच बाहेर काढली. काका रोज पेपर मोठ्याने वाचायचे, आजोबा आत निघून जायचे. 2001 ला कॅगने कारगिलच्या वेळच्या शवपेट्यांच्या खरेदीवर ताशेरे ओढले, तर आजोबा वाचायला लागले अन् काका बाहेर. 2013 ला विशेष न्यायालयाने शवपेटी प्रकरणातल्या आरोपींना आरोपमुक्त केलं, तेही मान्य करायलाच हवं. पण चौदा वर्षांत दोघांनी आपल्या पक्षाला एक प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. दोघंही माझे लाडके होते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तर्री कमी
काळे कागद कुठले हो? आमच्या आईने शाळेच्या वह्यांचे पुठ्ठे शाईने रंगवले होते.

महालकरीण
आमचे पतंगाचे! संक्रांतीसाठी आणून ठेवलेले. भाऊ आठवडाभर रडत होता.

मानेवाडा रिंगरोड
पुलवामानंतर, फेब्रुवारी 2019, चौकात बादली घेऊन शहीद निधी गोळा केला. मीही बादली धरून उभा होतो. ज्या भाऊंसाठी उभा होतो त्यांचा मी चार वर्षांचा कार्यकर्ता. आठ दिवसांनी हिशेब मागितला, जमा केल्याची पावती द्या म्हटलं. उत्तर नाही, ग्रुपमधून काढलं. मग घरोघरी जाऊन ज्यांनी पैसे टाकले त्यांना सांगितलं, तुम्हीपण विचारा. अकरा जणांनी विचारलं. तीन महिन्यांनी पावती निघाली, मोजलेल्या रकमेपेक्षा कमी. ती मी जपून ठेवली आहे. शहिदाच्या नावाने कुणी रुपया मागितला तर त्या रुपयाचा हिशेब द्यायलाच पाहिजे, पक्ष कोणताही असो.

सांबारवडी
भाऊ, हे केलं ते लय मोठं केलं.

काळी पिवळी
बडग्या म्हणून तर असतात ना! काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काल पावसात भिजलो पूर्ण, पण पोरीला खांद्यावर बसवून दोन्ही दाखवल्या.

तर्री कमी
ताई, तक्रारीचं काय झालं पुढे?

महालकरीण
महिनाभर परवाना बंद, मग पुन्हा सुरू. पण बाबा दर सोमवारी ऑफिसला जाताना दुकानासमोर सायकल थांबवून साठ्याचा फलक वाचायचे. भाव, साठा, सगळं वहीत उतरवायचे. वही आहे माझ्याकडे, रेशनकार्डही.

डिफेन्सची पोरगी
फोटो टाका ना.

महालकरीण
टाकते, पोळ्या झाल्या की.