गोल्डफिशच्या अंगावरची वाढती गाठ कर्करोगाची असू शकते का? नाशिकमध्ये तपासणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी इंदिरानगरला सहा वर्षांपासून ओरांडा जातीचा एक गोल्डफिश आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या डाव्या कुशीवर, पाठीच्या पराखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा दिसला. आता मे महिन्यात ती गाठ हरभऱ्याएवढी झाली आहे. तिच्यावरचे खवले एकमेकांपासून सुटले आहेत आणि त्यांच्या फटींतून गुलाबी कातडी दिसते. खाणे मात्र पूर्वीसारखेच आहे. टाकीचे झाकण उचलल्याचा आवाज आला की तो लगेच वर येतो.

माशांना कर्करोग होतच नाही, असे मला दोघा जाणत्यांनी ठामपणे सांगितले, पण वाचन केल्यावर ते खरे नसल्याचे समजले. स्वोर्डटेल आणि प्लेटी यांच्या संकरातून जन्मलेल्या पिलांना त्वचेचा काळा कर्करोग होतो, हे शास्त्रज्ञांना १९२०च्या दशकापासून ठाऊक आहे. गोल्डफिशमध्ये त्वचेखालच्या तंतुमय पेशींच्या आणि मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठी आढळतात. १९६०च्या सुमारास अमेरिकेतील ट्राउट माशांच्या उबवणी केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथच आली होती. खाद्यातल्या सरकीच्या पेंडीला लागलेल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष त्याला कारणीभूत ठरले. आमच्या माशाची गाठ यकृताची नाही, हे कळत असूनही मी पावसाळ्यात सर्दावलेला खाद्याचा डबा त्याच दिवशी फेकून दिला.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही मला मान्य आहे. लिम्फोसिस्टिस या विषाणूमुळे बहुधा परांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरट पुंजके येतात आणि ते पुष्कळदा आपोआप ओसरतात. कार्प पॉक्सचे मेणासारखे डाग थंड पाण्यात वाढतात व पाणी तापले की कमी होतात. आमच्याकडची गाठ नाशिकच्या थंडीत वाढली खरी, परंतु एप्रिलच्या उन्हाळ्यातही ती तसूभर कमी झाली नाही. क्षयाच्या जातीच्या जिवाणूंमुळेही माशांना गाठी येतात आणि ते जिवाणू हाताच्या जखमेतून माणसालाही बाधतात, म्हणून सध्या मी हातमोजे घालूनच टाकी साफ करतो.

मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने निळे औषध आणि मीठ टाकायला सांगितले होते. आठवडाभरात गाठ होती तशीच राहिली. उलट फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मेले असावेत, कारण चाचणीत अमोनिया वाढलेला दिसला. आता दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढूनच ते टाकीत घालतो.

माशांवर प्रत्यक्ष उपचार करणारे पशुवैद्य नाशिकमध्ये कोणाला माहीत आहेत का? गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय निदान होणार नाही, हे मी जाणतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत कोणी असा नमुना दिला असल्यास तिथली पद्धत कृपया सांगावी. मासाच न्यावा लागला, तर कसारा घाटातून एवढा वेळ त्याला ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत नेणे सोसेल का? कल्ल्यांवरून भुलीचे औषध मिसळलेले पाणी सोडत अशा गाठी काढतात, असे वाचले आहे. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली त्यांचा मासा नंतर किती काळ जगला आणि गाठ पुन्हा आली का, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे. गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, त्यामुळे केवळ वयाकडे बघून त्याला आहे तसा सोडून द्यायला माझे मन तयार होत नाही.