गाडी चालवताना आलेला फोन : तुमचे अनुभव लिहा

भाऊ कराडहून कासेगावला दुचाकीवर निघालाय, हे मला माहीत होतं. तरी मी फोन लावला. हेल्मेटमध्ये फोन खुपसून तो बोलत होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. "ताई, थांब" एवढंच ऐकू आलं. खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला. ती बोच जात नाही. फोन उचलणाऱ्यांनी लिहा, लावणाऱ्यांनीही लिहा.

पनवेल
द्रुतगती मार्गावर "पोचतोय" एवढंच टाइप करत होतो. मान वर केली तर समोरच्या टेम्पोचे ब्रेकलाइट लागलेले. कसाबसा लेन बदलून वाचलो. घरी येऊन हिशेब केला : ताशी 100 म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. चार सेकंद मी शंभर मीटरहून जास्त अंतर न बघता गाडी हाकली होती. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

पुणे
मी फोन हातात घेत नाही, ब्ल्यूटूथवरच बोलते. त्या दिवशी ऑफिसच्या कामावरून वाद चालला होता. कर्वे रोडवर लाल सिग्नल डोळ्यांसमोर असून मला दिसलाच नाही. एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते, ते जागीच थबकले म्हणून वाचले. हात स्टिअरिंगवर होते, पण मन त्या भांडणात होतं. तेव्हापासून ब्ल्यूटूथही बंद.

लेस्टर (इंग्लंड)
इथे सिग्नलला उभं असतानाही फोन हातात घेतला तर 200 पौंड दंड आणि लायसन्सवर 6 पॉइंट. लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर 6 पॉइंटांवर ते रद्दच होतं. माझं झालं. परत शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात. तेव्हा राग आला होता, आता नाही.

सांगली
वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हर खांदा आणि कानात फोन धरून बोलत होता. आम्ही बाराजण गप्प. शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाबा, गाडी कडंला घे, मग बोल." त्यानं घेतली.

नाशिक
मुलगा "गाडीवर आहे" म्हणाला की मी लगेच फोन ठेवते. पोचल्यावर तो करतो. परवा चाळीस मिनिटं लागली. फोन मांडीवर घेऊन बसून राहिले, पण लावला नाही.