माणूस गेल्यानंतर कोणाची, कसली मदत झाली? (अनुभव धागा)

भावाला जाऊन या महिन्यात तीन वर्षं होतील. पहिल्या आठवड्यात घरात बसायला जागा नव्हती. तिसऱ्या महिन्यात फोन वाजेनासा झाला, आणि मला माणूस हवं होतं ते नेमकं तेव्हा. शेवटी समुपदेशनाला गेले. त्या बाईंनी सल्ला काहीच दिला नाही. भावाचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "कसा होता तो?" कित्येक आठवडे माझ्यासमोर त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून सगळे टाळत होते. मी तासभर बोलत राहिले.

तुम्ही समुपदेशन घेतलं असेल, दिलं असेल, कोणाच्या स्मरणार्थ देणगी दिली असेल तर लिहा. मदतीचाच त्रास झाला असेल तर तेही लिहा.

*

ताई, नावाचं अगदी खरं. माझा धाकटा एकोणीस वर्षांचा होता. "मुलं किती तुम्हाला?" असं कोणी विचारलं की काय सांगावं कळायचं नाही. मूल गमावलेल्या आईबापांच्या गटात जायला लागले. पहिल्या दोन बैठकांत मी तोंड उघडलं नाही आणि कोणी बोलायचा आग्रहही केला नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्या बाई म्हणाल्या, "मी दोनच सांगते. एक नाहीये आता, पण मुलं दोनच." तेव्हापासून मीही दोनच सांगते.

'द कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही संस्था अशाच भेटीतून उभी राहिली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन मुलं पाठोपाठ गेली. तिथल्या तरुण धर्मोपदेशकाने दोन्ही घरच्या आईबापांची गाठ घालून दिली. ते एकमेकांना जो धीर देत होते, तो आपल्याला देता येत नाही हे त्याने ओळखलं. १९६९ मध्ये संस्था सुरू झाली.

*

मी सहा वर्षं स्वयंसेवक म्हणून फोनवर ऐकण्याचं काम करतो. बरेच जण धास्तावून विचारतात, "मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का?" दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) त्यांनी कुठेतरी वाचलेल्या असतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात असं काही नाही. मला श्ट्रोब आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांची १९९९ ची मांडणी जास्त पटते: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी विजेचं बिल भरतो, आणि हे येणंजाणं म्हणजेच सावरणं. हसू आलं म्हणून अपराधी वाटणाऱ्यांना मी हे नक्की सांगतो.

मात्र वर्ष उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल, तर नुसतं ऐकणं पुरत नाही. तेव्हा आम्ही तज्ज्ञांकडे पाठवतो. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं, तर वर्षाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी.

*

बायको गेली तेव्हा "काही लागलं तर सांग" असं सगळे म्हणाले. काय लागतंय हेच मला कळत नव्हतं. ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, "मंगळवारी येते, विम्याचे कागद घेऊन बसू." आली, बसली, अर्ज भरून घेतले. पुढच्या मंगळवारीही आली.

*

देणगीचं माझं जरा चुकलं, म्हणून लिहितो. बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत मी ऐपतीबाहेरची रक्कम एका संस्थेला दिली, त्यांच्या नावाची पाटी लावायच्या अटीवर. पाटी लागली. मी ती बघायला एकदाही गेलो नाही, जाववलंच नाही. आईला न विचारता दिले, याची खंत वेगळी.

आता दर महिन्याला थोडे देतो, बाबांची अखेरची देखभाल ज्यांनी केली त्या केंद्राला. रुग्ण गेल्यावरही तिथली परिचारिका घरच्यांना फोन करते. आईला तिने तीन महिन्यांनी केला होता. पैसे कशाला हवेत, असं मी विचारलं तर त्यांनी खाटा किंवा यंत्रं सांगितली नाहीत. ऐकणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि त्या ऐकणाऱ्यांचंही ऐकायला एक अनुभवी माणूस, एवढंच हवं होतं. यावर पाटी लागत नाही, म्हणून त्यासाठी कोणी देत नाही.

*

नवरा गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. घरातल्या कोणीतरी तिला सांगितलं, "बाबा झोपलेत." त्या रात्रीपासून ती झोपायला तयार होईना, मलाही झोपू देईना. डोळा लागला की हलवून उठवायची. मुलांच्या समुपदेशकाने मला एकच गोष्ट करायला लावली: सरळ सांगा. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "बाबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते आता उठणार नाहीत." हे शब्द तोंडातून काढताना माझे हात थरथरत होते.

तिने विचारलं, "आणि तू झोपलीस तर उठशील?"

उठेन म्हटलं. सकाळी ती माझ्याआधी जागी होती, माझ्याकडे बघत.